उमविच्या चर्चासत्रात आठ मिनिटं मिळालीत. काय सांगू, काय गाळू?

बांधावरची
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (उमवि) विद्यार्थ्यांचं चर्चासत्र आहे, त्यात माझा निबंध लागलाय. विषय: लग्न लांबलेले शेतकरी तरुण. गाव तापीकाठचं, केळी-कापसाचं. नाव इथेही देत नाही. तिशी ओलांडलेली, बागायत असलेली, सुपारीचंही व्यसन नसलेली पोरं घरोघर आहेत आणि सोयरीक जुळत नाही. परिचय मेळाव्यात विचारतात, मुलगा काय करतो? शेती. बरं, आणि अजून काय करतो? सातबारा सगळ्यांना हवा, त्यावर राबणारा नको. तीसेक मुलाखती घेतल्या: मुलं, आईबाप, लग्नाच्या मुली आणि एक मध्यस्थ.

बोलायला आठ मिनिटं, प्रश्नांना दोन. ते जमवीन. अडचण वेगळीच आहे. गावात मध्यस्थाला पैसे देऊन परराज्यातून आणलेल्या सुना आहेत, बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक माझ्याशी बोलली. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचं चाललं होतं. तिच्या हातचे बिबडे जाड येतात म्हणून जाऊ तिला फक्त पीठ घाटायला लावते, कापडावर पसरायला देत नाही. जाऊ खाली गेली तेवढ्या वेळात तिने जे सांगितलं, ते माझ्या बाकीच्या अख्ख्या निबंधात नाही.

आमचे सर म्हणतात, हाच निबंधाचा जीव, यावरच बोल. पण सभागृहात आमच्या गावची पोरंही असणार. 'परराज्यातून आलेली एक विवाहिता' एवढं म्हटलं की त्यांना घर कळतं. तिने 'लिही' म्हटलंय. सासूला पत्ता नाही.

सांगू की गाळू?

खानदेशी_भरीत
पहिला! अभिनंदन ताई. जेवणात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या असतील तर तारीख कळवणे.

सातपुडा_एक्स्प्रेस
आठ मिनिटं म्हणजे सहा धर. एक मिनिट पेनड्राइव्ह उघडण्यात जातं आणि एक 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणण्यात. मान्यवरांना एका वाक्यात आटप. प्रस्तावना, उद्दिष्टं, संशोधन पद्धती, साहित्याचा आढावा अशा पाट्या लावून स्लाइडी केल्यास तर पाचव्या मिनिटाला तू अजून मॅक्स वेबरपाशी असशील आणि घंटा वाजेल. हे दर वर्षी होतं. सरळ 'आणि अजून काय करतो?' इथून सुरुवात कर, सभागृह जागं होईल.

दुसरं, तीस जणांचे टक्के काढू नको. तीन पोरांना 'दहा टक्के तरुण' म्हटलंस की परीक्षक धरणारच.

तुझ्या खऱ्या प्रश्नावर: वय बदल, राज्य बदल, दोन बायकांचं मिळून एक पात्र कर. सगळे करतात.

अक्का_अमळनेर
गाळ. तुला प्रमाणपत्र मिळेल, ते बैठकीत लागेल. तिला संध्याकाळी त्याच घरात भाकरी टाकायच्या आहेत.

निवृत्त_मास्तर
बांधावरची, अभिनंदन. शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले आणि लिहिताना त्यांनी गावाला रामपुरा असं नाव दिलं. आज ते गाव कोडगहळ्ळी, हे समाजशास्त्राचा कोणीही वाचक सांगेल. टोपणनावामागे गाव लपतं ते परक्यांपासून, आणि तेही थोडे दिवस. गावकऱ्यांपासून ते कधीच लपत नाही. तुझ्या बाबतीत तर गाव सभागृहातच येऊन बसणार आहे.

सातपुडा एक्स्प्रेसांचा उपाय अर्धाच पटतो. वय, मुलांची संख्या, घर मळ्यात की गावात, हे बदललंस तर बिघडत नाही. राज्य बदलू नको. मुली कुठून येतात आणि कोणत्या वाटेने येतात हाच तुझा अभ्यास असेल, तर राज्य बदलणं म्हणजे निष्कर्षात भेसळ. दोन बायकांची एक करणंही मला मान्य नाही, ते कथाकाराचं काम.

आता संमती. तिने 'लिही' म्हटलं ते गच्चीवर, जाऊ नसताना, तुला एकटीला. माइकवरून सांग असं तिने म्हटलेलं नाही. पुन्हा जा. कुठे, कोणासमोर, कोणतं वाक्य वाचणार ते तिला सांग. आणि ती नाही म्हणाली तर तिला त्याचं ओझं वाटणार नाही असं बघ. एका सहीवर संमती संपत नाही, हे मी वर्गात दर वर्षी सांगायचो आणि विद्यार्थी दर वर्षी सह्यांचे कागद दाखवायचे.

आणि 'गृहीतक कुठे आहे' असं कोणी विचारलं तर गडबडू नको. हा शोधक, गुणात्मक अभ्यास आहे, गृहीतक तपासायला निघालेले नव्हते, असं शांतपणे सांग.

सातपुडा_एक्स्प्रेस
मास्तर, राज्याचा मुद्दा मान्य. 'सगळे करतात' मागे घेत नाही, कारण करतात.

प्रमाणपत्र_संग्राहक
एवढं मनावर घेऊ नका हो. चर्चासत्र म्हणजे नोंदणी शुल्क, पिशवी, वही, उद्घाटनाला तासभर उशीर, समांतर सत्रात सहा सादरकर्ते आणि श्रोते म्हणून तेच सहा. आमच्याकडे (कॉलेजचं नाव घेत नाही) एका सत्रात अध्यक्ष झोपले, तरी प्रत्येकाला 'अत्यंत मौलिक मांडणी' असा शेरा मिळाला. नंतर पैसे भरून आयएसबीएनवाला ग्रंथ. मध्यंतरी यूजीसी केअर यादीचं (मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) फार कौतुक होतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता काय छापायचं ते कॉलेजांनीच ठरवायचं. म्हणजे पुन्हा ज्याचा त्याचा छापखाना.

गाव-बिव कोणी ऐकणार नाही. बिनधास्त बोल.

अक्का_अमळनेर
@संग्राहक, अध्यक्ष झोपतील. गावची पोरं झोपणार नाहीत, ती मोबाइलवर रेकॉर्ड करतील.

कोरडवाहू
सगळे त्या बाईवर घसरलेत, मला मूळ निबंधच खटकतोय. तीसेक मुलाखती, विषय लग्न, आणि धाग्यात जात हा शब्द एकदाही नाही! खानदेशात लग्न म्हणजे जात, पोटजात, कूळ, मग सातबारा. डॉ. घुर्ये काय, इरावती कर्वे काय, दोघांचं अर्धं आयुष्य जात आणि नातेसंबंध उलगडण्यात गेलं. जात वगळून 'शेतकरी तरुण' म्हटलं की सगळे एका माळेचे मणी होतात. सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याच्या) पोराचं लग्न का जमत नाही आणि वीस एकरवाल्याचं का जमत नाही, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसऱ्याकडे मध्यस्थाला द्यायला पैसे तरी आहेत.

बांधावरची
@कोरडवाहू, निबंधात जात आहे, सादरीकरणातून काढली. तापीकाठ, केळी आणि जात असे तीन शब्द एकत्र आले की गावांची यादी दहा-बारावर येते. सरांचंही म्हणणं, व्यासपीठावर नको, वाद होतो.

कोरडवाहू
वाद होतो म्हणून तर चर्चासत्र म्हणतात ना? नाहीतर सत्यनारायण घाला.

तापीकाठ
पोरी कुठे गेल्या हे कोणी विचारेल का? आज 'सून मिळत नाही' म्हणून रडणाऱ्या कित्येक घरांसमोरूनच मोटारी तालुक्याच्या सोनोग्राफीकडे जात होत्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे ८९४ मुली, आणि आपला जळगाव जिल्हा साडेआठशेच्याही खाली. सोनं शुद्ध म्हणून मिरवणारं गाव आपलं! पेरलं ते उगवलं.

निवृत्त_मास्तर
तापीकाठ, रोख बरोबर, हिशोब तपासा. २०११ मध्ये शून्य ते सहा वर्षांची असलेली मुलं आज फार तर विशीच्या उंबऱ्यावर आहेत. धागाकर्तीचे तिशीतले तरुण १९९० च्या दशकातले. त्यांच्या पिढीत मुली कमी होत्याच, पण २०११ च्या आकड्याने आजचं दुखणं सिद्ध होत नाही. तो आकडा सांगतो ते याहून वाईट आहे: खरी टंचाई अजून यायची आहे.

शिवाय मुली नुसत्या कमी आहेत असं नाही, त्या शिकल्या आणि पुण्या-नाशकाकडे बघू लागल्या. मुलीने आपल्याहून वरच्या घरात जावं हा रिवाज जुनाच. बागायतदार आता 'वरचं घर' राहिला नाही, त्याची जागा चाकणच्या कंपनीतल्या पोराने घेतली.

मुंबईकर_मूळ_चोपडा
चाकणचा पोऱ्या चाळीस हजार कमावतो नि पंचवीस भाड्यात-हप्त्यात घालतो. पण 'पुण्याला आहे' म्हटलं की संपलं! आमना काका बठ्ठासले सांगत ऱ्हास, पोऱ्या चांगला शे, पन पोर कोनी देत नही.

माझ्या चुलतभावाचं असंच एका मध्यस्थामार्फत जमवलं. देवळात हार, शंभराच्या स्टँपवर सह्या, दोन पंगती. आठवड्याभरात नवरी दागिन्यांसकट गायब. पोलिसात गेलो तर पहिला प्रश्न: पैसे कशाचे दिले होते? आता काय सांगणार! मध्यस्थ लांबच्या नात्यातलाच. अजून लग्नकार्यात भेटतो, 'दुसरं बघू का' विचारतो.

खानदेशी_भरीत
हसू की रडू.

अक्का_अमळनेर
भाऊ, वाईट झालं. पण पळणारीची गोष्ट लगेच पेपरात येते, 'लुटेरी दुल्हन' म्हणून. न पळता राहिलेल्या दहा जणींचं कोण छापतं? हरियाणात अशा बायकांना 'मोलकी' म्हणतात, मोल देऊन आणलेली. नातवंडं झाली तरी तोच शब्द. आपल्याकडे तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. गच्चीवर पीठ घाटायला लावतात.

धडगावचा_पोऱ्या
हा धागा शहाद्याच्या स्टँडवर बसून वाचला, गाडी बदलायची होती. मीही एका ठिकाणी (विद्यापीठात नाही) निबंध वाचला होता, विषय भोंगऱ्या बाजार. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात गावोगाव बाजार भरतात, लोक होळीचा किराणा घेतात, डाळ्या, गूळ, साखरेचे हार, ढोल वाजतात. मी बाजारातली उलाढाल, उधारी, गुजरातहून ऊसतोडीवरून परतणाऱ्यांचा खर्च असं मांडलं. मान्यवरांचा एकच प्रश्न: "मुलामुलींनी पळून जायचं ते नेमकं कुठे?" अख्खं सभागृह हसलं. आमचे म्हातारे सांगून थकले, तो पळून जायचा मेळा नाही, बाजार आहे. पण बाहेरच्यांना जे बघायचं असतं तेच दिसतं.

मग देजवर आले. आमच्या पावरा आदिवासींत पोराकडचे पोरीच्या बापाला देज देतात, पंच बसतात, सगळ्यांसमोर ठरतं. त्यांनी शेऱ्यात 'हुंडा' लिहिलं! तुमच्याकडे मध्यस्थ अंधारात घेतो ते 'सामाजिक समस्या', आमच्याकडे उजेडात देतात ती 'प्रथा'. बांधावरची, हे तुझ्या निबंधात कुठे बसतं का बघ.

अक्का_अमळनेर
पोऱ्या, मान्य. पण पोरीला नांदायचं नसेल तर देज परत करावी लागते ना? मग बाप म्हणतो, सहन कर. उजेडातसुद्धा पोर अडकतेच.

धडगावचा_पोऱ्या
हो अक्का, अडकते. माझी बहीण अडकली होती. म्हणूनच म्हणतो, नीट विचारलं असतं तर मी हेही सांगितलं असतं.

अजून एक. आमच्याकडे संशोधक फार येतात. इरावतीबाईंनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची पाहणी केली, १९६१ मध्ये ती इंग्रजीत छापून आली. सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं गेली, त्यांच्यावर किती प्रबंध झाले असतील. यातलं काही मोलगीच्या नाहीतर धडगावच्या एखाद्या शाळेत ठेवलेलं दिसतं का? माहिती दिली ती आम्ही, आणि वाचायची तर पुण्या-मुंबईला जाऊन. त्या बाईला तरी निदान दाखव तू काय लिहिलंस ते.

प्रमाणपत्र_संग्राहक
+१. हा प्रतिसाद मात्र मौलिक, आणि मी जागा आहे.

बांधावरची
सगळ्यांचे आभार. काल गावी जाऊन आले. पोऱ्याच्या सांगण्यावरून तिला माझं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती मराठी बोलते आता, वाचता येत नाही. ऐकून आधी म्हणाली, एवढं बोलले मी? मग म्हणाली, "पैशाचं सांग. किती जणांनी खाल्ले ते सांग. घरातलं सांगू नको." झालं, माझा प्रश्न तिनेच सोडवला. सरांना फोन केला, ते थोडे नाराज झाले पण ठीक म्हणाले.

आता कोरडवाहू यांच्या मुद्द्यावर येते, कारण तो डोक्यातून जात नव्हता. मुलाखती पुन्हा चाळल्या. मुलांच्या आईबापांना मी विचारलं होतं, दुसऱ्या जातीची सून चालेल का? जवळजवळ सगळ्यांनी हात झटकले, शेजारच्या गावातली असली तरी, शिकलेली असली तरी. त्यातल्याच दोन घरांत परराज्यातली सून आहे! तिची जात काय? एका घरात म्हणाले, "मध्यस्थ म्हणाला आपल्यातलीच आहे." दुसऱ्या घरात सासरे म्हणाले, "तिकडचं आपल्याला काय कळतं." म्हणजे पाच कोसांवरची परजातीची चालत नाही, हजार किलोमीटरवरची चालते, कारण तिची जात इथे कोणाला ओळखताच येत नाही. आणि शेजारच्या गावातल्या मुलीचे भाऊ-काका उद्या दारात येऊन उभे राहतील. हिचं कोणीच येणार नाही.

कोरडवाहू
आता बोललीस! हा तुझा निबंध. बाकीची पंधरा पानं याची प्रस्तावना समज.

निवृत्त_मास्तर
उत्तम. फक्त 'दोन घरांत' म्हणू नको, 'काही कुटुंबांत' म्हण. आणि सासऱ्यांचं वाक्य तसंच्या तसं वाचू नको, वाक्यावरून माणूस ओळखतात लोक. अंतर्विवाहाचा, म्हणजे जातीतच लग्नाचा, नियम मोडत नाही, तो नजरेआड केला जातो, असं मांडता येईल. यावर प्रश्न येतील, मिनिटभर शिल्लक ठेव.

तापीकाठ
मानलं. माझा सोनोग्राफीचा मुद्दा पण घे एका ओळीत, मास्तरांनी दुरुस्त केलेला.

सातपुडा_एक्स्प्रेस
पीपीटी दोन पेनड्राइव्हवर, स्वतःच्या मेलवर, आणि एक प्रिंट पर्समध्ये. मराठी फाँट तिथल्या संगणकावर चौकोन होऊन येतो, म्हणून पीडीएफ कर. मागच्या खेपेला एका पोराच्या सगळ्या स्लाइडी चौकोन-चौकोन. बिचारा म्हणाला, 'वरील चौकटीत दिसते त्याप्रमाणे'.

निवृत्त_मास्तर
अवांतर: श्रीनिवासांच्या त्या गावाच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली स्टॅनफर्डला आगीत जळाल्या. मग त्यांनी बरंचसं आठवणीतून लिहिलं. तेव्हा चौकोन आले तरी घाबरायचं कारण नाही.

खानदेशी_भरीत
मास्तरांकडे प्रत्येक दुखण्यावर श्रीनिवासच आहेत, हळदीच्या लेपासारखे.

बांधावरची
झालं सादरीकरण. बांभोरीचा पूल ओलांडून विद्यापीठाची टेकडी चढेपर्यंत पोटात गोळा होता, बोलायला लागल्यावर गेला. फाँट नीट आला.

बाईचा उल्लेख केला नाही. मध्यस्थाच्या मुलाखतीवरून एकच आकृती दाखवली: मुलाकडच्यांनी दिलेला पैसा कुणाकुणाच्या हातांतून जातो. इकडचा मध्यस्थ, तिकडचा मध्यस्थ, गाडीवाला, स्टँप करून देणारा, आणि शेवटी मुलीचा बाप किंवा भाऊ. रकमा लिहिल्या नाहीत. साखळीत नवऱ्यामुलीच्या नावाची चौकट रिकामी ठेवली होती. एका परीक्षक मॅडमनी तेच विचारलं, मुलीला काय मिळतं? मी म्हटलं, मॅडम, चौकट चुकून रिकामी राहिलेली नाही.

मग जातीचा मुद्दा. दुसरे परीक्षक अर्थशास्त्राचे होते, म्हणाले नमुना फार लहान, यावरून एवढं मोठं विधान करता येणार नाही. मी म्हटलं, विधान नाही, पुढच्या अभ्यासासाठी प्रश्न आहे. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही देव जाणे. घंटा वाजली. बक्षीस साक्री भागातल्या एका मुलीला मिळालं, ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांच्या शाळागळतीवर होतं तिचं, आणि खरंच चांगलं होतं.

जेवणात शेवभाजी होती, भरीत नाही. क्षमस्व.

आमच्या गावची पोरं शेवटच्या रांगेत होती. बाहेर आल्यावर एकजण बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, लय भारी मांडलं. त्या मध्यस्थाचा नंबर मिळेल का?"

मुंबईकर_मूळ_चोपडा
अरे देवा. देऊ नको! माझ्या भावाचा धडा वाचून दाखव त्याला.

अक्का_अमळनेर
नंबर दिला नाहीस ना?

बांधावरची
नाही अक्का. पण त्याच्याकडे दुसऱ्याचा असेलच.

धडगावचा_पोऱ्या
निबंधाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवणार का?

बांधावरची
लगेच नाही. त्यातून तिचा भाग काढून, बाकीचं सोपं करून ठेवीन. मुलांच्या आईबापांना तरी वाचायला हवं. तापीकाठ यांची ओळ त्यात आहे.

कोरडवाहू
पूर्ण निबंध छापायच्या आधी मला व्यनि कर, जातीच्या प्रकरणावर भांडायचं आहे. प्रेमाने.

टीवायची_पोर
मी बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, समाजशास्त्र विशेष. आम्हाला असं कुठे भाग घेता येतो का, की फक्त एम.ए.वाल्यांना?

सातपुडा_एक्स्प्रेस
@टीवायची_पोर, येतो की. 'आविष्कार' बघ, २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांचं संशोधन संमेलन होतं. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक असे वेगळे गट असतात. मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला मिळून एकच विभाग आहे, तेव्हा परीक्षक मराठीचेही निघू शकतात, समाजशास्त्रातले शब्द सोपे करून ठेव. पोस्टरची तयारी ठेव, त्यातून निवडलं तर बोलायचं. कॉलेजमध्ये समन्वयक कोण ते आधी विचार, आणि फॉर्म शेवटच्या रात्री भरू नको, लिंक बसते.